सिल्फ्राच्या पाण्यात उतरताना

आइसलंडला जायचं ठरलं तेव्हा धबधबे, गीझर म्हणजे गरम पाण्याचे उसळते झरे, हिमनद्या हे सगळं यादीत होतंच. माझा जीव मात्र सिल्फ्रावर जडला होता. थिंगवेलिर राष्ट्रीय उद्यानातली ही भेग 1789 च्या भूकंपांमध्ये उघडली. तिच्यातलं पाणी जगातल्या सर्वांत नितळ पाण्यांपैकी एक मानलं जातं आणि त्याचं तापमान बारा महिने 2 ते 4 अंश सेल्सियस असतं. इतक्या गार पाण्यात स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगून खाली बघणं, जमेल का, असं मला ओळखीच्या कितीतरी जणांनी विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात होते आरोग्याच्या फॉर्मने. हृदयविकार, दमा, गरोदरपण, आधीच्या शस्त्रक्रिया, सगळं विचारतात. एखाद्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांची सही लागते. ती घरून निघण्याआधीच घ्या, तिथे ऐनवेळी धावपळ करून काही होत नाही. पोहता यायलाच हवं. उंची आणि वजनाच्या किमान अटी असतात आणि त्या योग्यच आहेत, कारण ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा अंगभर पोशाख, सैल बसला तर गळ्याच्या कडेने पाणी आत शिरतं. मास्कखाली चष्मा बसत नाही, त्यामुळे मी कॉन्टॅक्ट लेन्स लावून गेले. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन डाइव्ह, करायचं असेल तर ड्रायसूटचं प्रमाणपत्र किंवा ड्रायसूटमधल्या 10 डाइव्हची नोंद दाखवावी लागते. स्नॉर्केलिंगला असं प्रमाणपत्र किंवा नोंद लागत नाही.

खरी परीक्षा असते ती कपडे घालण्याची. हे सगळं पार्किंगमध्ये, उघड्यावर, बोचऱ्या वाऱ्यात चालतं. आधी घरून नेलेले थर्मल आणि लोकरीचे मोजे, त्यावर त्यांनी दिलेला जाड अस्तराचा अंगभर सूट, आणि त्यावर ड्रायसूट. कानातलं, अंगठ्या, मंगळसूत्र सगळं काढून ठेवायला सांगतात, कारण ड्रायसूटच्या गळ्याशी आणि मनगटाशी असलेल्या सीलला, म्हणजे घट्ट बसणाऱ्या कडेला, बारीकशी चीर गेली तरी आत पाणी येतं. त्या सीलमधून डोकं बाहेर काढताना केस ओढले जातात, कान दुमडतात. मग गाइड गळ्याभोवतीचा पट्टा आवळतो. तेव्हा क्षणभर घुसमटल्यासारखं होतं. माझ्या नवऱ्याला ते फार जाणवलं, त्याने गाइडला सांगून पट्टा किंचित सैल करून घेतला. संकोच न करता सांगावं, गाइड नीट ऐकून घेतात. शेवटी डोक्यावर निओप्रीनची, म्हणजे रबरासारख्या जाड कापडाची, टोपी आणि हातमोजे. या दोन्हींत मात्र पाणी शिरतंच. शिरलेलं पाणी अंगाच्या उबेने थोडं कोमट होतं, म्हणून पोहताना हात फार हलवायचे नाहीत.

लोखंडी पायऱ्या उतरून तोंड पाण्यात घातलं आणि ओठांना अशी कळ लागली की डोळे मिटले. उघडे राहतात ते फक्त ओठ आणि गाल. दोनेक मिनिटांत ते बधिर झाले आणि मग थंडीकडे लक्षच गेलं नाही.

कारण खाली जे दिसतं ते पाण्यातून पाहतोय असं वाटत नाही. तळाचा दगड हात लांबवला तर लागेल असा दिसतो आणि तो कितीतरी खोल असतो. काळे कडे खाली जाता जाता निळे होत जातात. उथळ जागी खडकांवर भडक हिरव्या शेवाळाच्या लांब बटा हेलकावत असतात. ‘कॅथीड्रल’ म्हणतात त्या भागाची लांबी सुमारे 100 मीटर आहे आणि या टोकावरून ते टोक स्वच्छ दिसतं. मासे जवळजवळ नाहीतच. सूटमध्ये हवा असल्यामुळे बुडायची भीती नसते, प्रवाह हळूच पुढे नेत राहतो. शेवटी डावीकडे वळून शांत डोहात शिरायचं, तेवढे चार हात मात्र जोर लावून मारावे लागतात.

या नितळपणाचं कारण मला त्या दृश्याइतकंच विलक्षण वाटतं. लांगयोकुल हिमनदीचं वितळलेलं पाणी सच्छिद्र लाव्हाखडकातून झिरपत, गाळलं जात, कित्येक दशकांनी इथे झऱ्यांतून वर येतं. मी स्नॉर्केल काढून घोटभर प्यायले. पाण्याला कसलीही चव नव्हती. सतत वाहतं असल्यामुळे हे पाणी हिवाळ्यातही गोठत नाही.

एक सांगायलाच हवं. ‘एक हात अमेरिकेला, एक हात युरोपला’ असे फोटो इथे सगळेच काढतात, आम्हीही काढला. पण उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्टांची, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या दोन प्रचंड तुकड्यांची, सीमा म्हणजे एक रेघ नव्हे. तो भेगांनी भरलेला काही किलोमीटर रुंदीचा पट्टा आहे आणि सिल्फ्रा त्यातली एक भेग. हे भूपट्ट वर्षाला साधारण 2 सेंटीमीटर एकमेकांपासून दूर सरकतात. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना इथला काळा बसाल्ट लगेच ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि इथे हे काम अजून चालूच आहे.

बाहेर आल्यावर बोटं इतकी आखडली होती की गरम चॉकलेटचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागला. तिथून लगेच गाडीत बसू नका. आल्मान्नाग्याउच्या कड्याखालून चालत जा. इसवी सन 930 मध्ये आइसलंडची संसद, अल्थिंग, इथेच उघड्यावर भरू लागली. त्या कड्यावर उभं राहिलं की समोर खचलेली सगळी दरी आणि पलीकडचा कडा एका नजरेत येतो, आणि तो पट्टा खरोखर केवढा रुंद आहे हे तिथे कळतं.