बाईंनी कागद कोरा ठेवायला शिकवलं

शाळेच्या सुवर्णमहोत्सव समितीचं लेख मागणारं पत्र हातात पडलं तेव्हाच मला कळून चुकलं की शाळेचा इतिहास, स्नेहसंमेलनं, क्रीडास्पर्धा यातलं काही माझ्याकडून लिहून होणार नाही. ते लिहिणारे माझ्याच तुकडीत पुष्कळ आहेत आणि ते माझ्याहून नेटकं लिहितील. मला लिहायचं आहे ते आपल्या चित्रकलेच्या बाईंबद्दल. नाव सांगायची गरज नाही. शाळेतल्या सगळ्याच शिक्षिकांना आपण बाई म्हणायचो, पण 'बाईंनी बोलावलंय' एवढाच निरोप आला की पाय आपोआप वरच्या मजल्यावरच्या, जिन्याशेजारच्या त्या लांबट खोलीकडे वळायचे.

त्या खोलीसाठी बाई किती भांडल्या होत्या हे मला फार नंतर समजलं. खोलीला उत्तरेकडे खिडक्या होत्या. उत्तरेच्या उजेडात ऊन थेट येत नाही, त्यामुळे टेबलावर मांडलेल्या तांब्याची आणि पेल्याची सावली चित्र पुरं होईपर्यंत फारशी हलत नाही. स्थिरचित्र शिकवायला याहून चांगली खोली शाळेत नव्हती. आम्हाला तेव्हा वाटायचं की बाईंना कोपऱ्यात टाकलंय. खरं तर तो कोपरा त्यांनी मागून घेतला होता.

बाई ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, झालेल्या. जलरंग हे त्यांचं खरं प्रेम आणि संकल्पचित्र, म्हणजे नक्षीकाम, ही त्यांची शिस्त. आठवीत आमच्या हातात त्यांनी आधी रंग दिलेच नाहीत. कागद दिला आणि पाणी दिलं. कागद दोन्ही बाजूंनी भिजवायचा, पाटावर पसरायचा, चारही कडांना डिंकाच्या कागदी पट्ट्या लावायच्या आणि रात्रभर तसाच ठेवायचा. ओला असताना तो फुगून लाटा घेतो. सकाळी येऊन बघावं तर टिचकी मारली की टणक वाजेल असा ताणलेला. ज्यांनी हे कधी केलं नसेल त्यांना वाटेल, एवढा खटाटोप कशाला? पण न ताणलेल्या कागदावर पाण्याचा हात मारला की खळगे पडतात, रंग खळग्यात साचतो आणि आकाशाला डाग पडतात. बाईंनी हे सांगितलं नाही. दोन्ही कागदांवर एकच निळा लावायला लावला आणि शेजारी शेजारी ठेवून दिले.

मग वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग, सपाट हात. पाटाखाली डस्टर सरकवून त्याला उतार द्यायचा, ब्रश भरून घ्यायचा आणि वरच्या कडेला डावीकडून उजवीकडे एकच पट्टा ओढायचा. पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाचा ओला काठ जमतो. पुढचा पट्टा त्या काठाला नुसता शिवून न्यायचा, म्हणजे तो काठ खाली उतरतो. असं करत तळाशी आलं की ब्रश पिळून उरलेलं पाणी टिपून घ्यायचं. मध्ये थांबायचं नाही, मागे वळून दुरुस्ती तर मुळीच नाही. अर्धवट वाळलेल्या जागी पुन्हा ओला ब्रश लागला की पाणी रंगाला बाजूला ढकलतं आणि कडा फुटलेलं फूल उमटतं. बाईंना अशा फुलांचा राग यायचा नाही, त्या फक्त म्हणायच्या, "कागदाला बोलू दे, त्याचं झालं की मग तू बोल."

रंगपेटीतली पांढऱ्याची ट्यूब त्यांनी पहिल्याच दिवशी काढून ठेवायला सांगितली. "ही पोस्टर कलरच्या दिवशी. जलरंगात पांढरा म्हणजे कागद." काळ्याचीही तीच गत. अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून जो करडा होतो तो आम्ही पावसाळी ढगांना, तांब्याच्या सावलीला, झाडाच्या बुंध्याला वापरायचो. खडबडीत कागदावर त्यातला निळा दाण्यादाण्याने खळग्यात बसतो आणि करडा जिवंत दिसतो. हे दाणे दाखवायला बाई एकेकाला खिडकीपाशी नेऊन कागद तिरपा धरायच्या.

पांढरा काढून घेतल्यावर चित्राकडे बघण्याची रीतच बदलते. तेलरंगात किंवा पोस्टर कलरमध्ये उजेड शेवटी वरून ठेवता येतो. पारदर्शक जलरंगात तो आधी राखावा लागतो, कारण फिकटाकडून गडदाकडे जायचं असतं आणि परतीची वाट जवळजवळ नसते. म्हणून ब्रश उचलण्याआधी बाईंचा एकच प्रश्न असायचा : "कुठे रंग लावणार नाहीस ते आधी सांग." पेल्याच्या कडेवरची चमक, पाण्यावरची एक रेघ, पांढऱ्या कपड्याची घडी. उत्तर बोट ठेवून द्यावं लागे. ते दिलं की मगच परवानगी.

फळ्याच्या बाजूला एका कॅलेंडरमधून कापून चिकटवलेलं एक चित्र होतं, ते बहुतेकांना आठवत असेल. हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या तळहाताने ज्योतीला आडोसा करणारी तरुणी. सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप'. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. कित्येक लोक त्याला राजा रविवर्म्याचं समजतात आणि तैलचित्रही समजतात. ते हळदणकरांनी 1945-46 च्या सुमारास काढलेलं जलरंगातलं चित्र आहे. बाई आम्हाला त्या तरुणीच्या चेहऱ्याकडे बघू द्यायच्या नाहीत. बोटांकडे बघा म्हणायच्या. ज्योतीचा उजेड बोटांच्या कडांतून आरपार येऊन तांबूस झालाय, तो उजेड वरून लावलेला नाही, खालून येतोय. छापील कागदावर तो कितीसा दिसणार? तरी दिसायचा, कारण बाईंनी बघायला शिकवलं होतं. पुढे नोकरीला लागल्यावर मी मुद्दाम म्हैसूरला गेले आणि त्या चित्रासमोर उभी राहिले. माझ्या शेजारचे पर्यटक दिव्याबद्दल बोलत होते. मी बोटं बघत होते.

आता संकल्पचित्र. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षांत हा विषय असतो. दिलेल्या आकारात नक्षी भरायची आणि रंगवायची. बहुतेक ठिकाणी त्याची तयारी म्हणजे ठरलेली पानं-फुलं पाठ करणं. बाईंनी आमच्याकडून आधी खरी पानं काढून घेतली. जास्वंदीचं, पपईचं, कण्हेरीचं. देठ कुठून फुटतो, शिरा आमनेसामने आहेत की एकाआड एक, हे पाहिल्याशिवाय त्या पानाचा अलंकारिक आकार करायला मनाई होती. पोस्टर कलर कसा कालवायचा हेही ठरलेलं : ब्रशवरून थेंब पडू नये आणि ओढताना ब्रश अडूही नये.

याच तासाला घडलेला एक प्रसंग मला सांगायचा आहे. तसा तो अगदी किरकोळ. माझ्या वर्गातल्या कुणालाच तो आठवत नसेल.

मी चौकोनात एक नक्षी पूर्ण केली होती. मध्यभागी कमळ, भोवती पानांची वेल, गडद निळ्या जमिनीवर, म्हणजे नक्षीमागच्या मोकळ्या जागेवर, पिवळा आणि फिकट हिरवा. कडा स्वच्छ, रंग सपाट. वर्गात सगळ्यांनी वाखाणलेली. बाई आल्या, बराच वेळ उभ्या राहिल्या, छान झाली आहे म्हणाल्या आणि टेबलावरून कात्री घेऊन आल्या. मला काही समजायच्या आत त्यांनी ती नक्षी उभी मधोमध कापली, मग आडवी. चार तुकडे. वर्ग चिडीचूप. मग त्यांनी तिरक्या रेषेत समोरासमोर येणाऱ्या कोपऱ्यांतले तुकडे आपसात बदलून बाकावर पुन्हा जोडून मांडले.

जे चार कोपऱ्यांत होतं ते सगळं मध्यभागी आलं होतं, आणि माझं कमळ चार कोपऱ्यांत वाटलं गेलं होतं. मध्यभागी आता नुसती निळी जमीन होती; तिला काही आकारच नव्हता, कारण ती कुणी आखलेली नव्हती. वेलींची टोकं येऊन जिथे थांबली तिथे थांबली होती. बाईंनी चार तुकडे मागून चिकटपट्टीने जोडले, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "फूल तू काढलंस. जमीन कोण काढणार? आता ही मधली जागा भर. फूल नको काढूस, वेल पुढे ने."

मी वेल पुढे नेली. कापलेल्या कडेवरून पान अर्धं या तुकड्यात, अर्धं त्या तुकड्यात. पूर्ण झाल्यावर बाईंनी त्याच्यावर ट्रेसिंग पेपर धरून शेजारी आणखी एक नक्षी छापली, मग खाली, मग तिरपी. कुठेही सांधा दिसत नव्हता. तो कागद संपला तरी नक्षी संपणार नव्हती. चौदाव्या वर्षी हे असं डोळ्यांदेखत घडताना बघण्यात जो थरार होता तो मला आजही शब्दांत नीट मांडता येत नाही.

त्या वर्षीच्या सहलीत आपण अजिंठ्याला गेलो होतो. पहिल्या लेण्यात सगळी गर्दी पद्मपाणीपुढे, म्हणजे हाती कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या प्रसिद्ध चित्रापुढे. बाई आम्हा चौघी-पाचजणींना बाजूला घेऊन म्हणाल्या, माना वर करा. छतावर चौकोनामागून चौकोन : कमळं, फळं, पक्षी, कमळवनातले हत्ती. चित्रकारांनी मोठ्या प्रसंगांइतकीच मेहनत छतावर घेतली आहे, हे मान दुखेपर्यंत बघितल्यावर पटलं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला सुरुवात केली, हे बाईंनी तिथेच सांगितलं. आणि त्या नकलांमधला मोठा भाग पुढे लंडनमध्ये आगीत जळाला हेही. "म्हणून मूळ बघून घ्या," म्हणाल्या. कुणी वही उघडून काढायला लागलं तर खूश व्हायच्या.

आज मी कापडावरच्या छपाईच्या नक्षी करते. आमच्याकडे दुपट्टे, साड्या, पडद्याची कापडं छापली जातात आणि तिथल्या डिझाइन विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे. माझ्या हाताखालची नक्षी देशात नेसली जाते, परदेशातही जाते, याचा मला अभिमान आहे आणि तो इथे लिहायला संकोच वाटत नाही, कारण त्यातला मोठा वाटा या शाळेचा आहे. रोटरी छपाईतल्या नेहमीच्या जाळीच्या नळकांड्याचा घेर साधारण 64 सेंटीमीटरचा असतो. म्हणजे नक्षीची उंची 64 मध्ये किंवा त्याला पूर्ण भाग जाणाऱ्या मापात, 32 किंवा 16 मध्ये, बसवावी लागते. नळकांडं फिरत राहतं आणि तीच नक्षी थानभर उमटत जाते. एका रिपीटमध्ये, म्हणजे नक्षीच्या पुन्हा पुन्हा उमटणाऱ्या एका तुकड्यात, सुंदर दिसणारी बुट्टी दहा मीटर कापडावर वेगळीच दिसते. बुट्ट्यांमधल्या मोकळ्या जागा एका रेषेत आल्या की लांबून कापडावर तिरके पट्टे दिसायला लागतात. कुणी न काढलेले पट्टे! ग्राहक कापड परत पाठवतो ते अशा पट्ट्यांमुळे, फुलामुळे नव्हे.

म्हणून माझ्याकडे नवीन मुलं रुजू होतात तेव्हा संगणकावर नक्षी अर्ध्याने सरकवून सांधा तपासायची आज्ञा त्यांना माहीत असते, आणि एका बटणात ते काम होतंही. तरी पहिल्या आठवड्यात मी त्यांना कागद, रंग आणि कात्री देते. स्वतःच्या हाताने रंगवलेली नक्षी कापायला ती कचरतात. कापल्यावर मात्र मधली जागा त्यांना जशी दिसते तशी पडद्यावर कधी दिसत नाही. बुट्टा सगळेच शिकून येतात. जमीन त्यांना इथे दिसते.

मागच्या वर्षी कामानिमित्त त्या बाजूला आले होते तेव्हा शाळेत डोकावले. नवी इमारत देखणी झाली आहे, प्रयोगशाळा तर हेवा वाटावा अशी. आपली चित्रकलेची खोली आता दोन भागांत विभागली आहे आणि उत्तरेच्या खिडक्यांच्या अर्ध्या भागावर कपाटं उभी आहेत. वेळापत्रकात चित्रकलेचा सुटा एक तास आहे. मुलं इंटरमिजिएटला अजूनही बसतात, आणि चांगल्या संख्येने. श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात हेही त्याचं एक कारण. त्यात वाईट काही नाही. पण एका मुलीच्या वहीत स्मरणचित्राची ठरीव पानं पाहिली, तेच झाड, तोच नळ, त्याच रांगेतल्या बायका, आणि मला गलबलून आलं. ती मुलगी हाताने चांगली होती. तिला खिडकीपाशी नेऊन कागद तिरपा धरणारं कुणीतरी हवं होतं.

आत्ताच्या शिक्षकांना दोष देण्याचा हेतू नाही. सुट्या तासात वॉश वाळत नाही, एवढं साधं कारण आहे. पाणी भरून आणायला पाच मिनिटं, कागद ओला करायला पाच, पहिला हात झाला की तो वाळेपर्यंत थांबायचं, आणि दुसरा हात द्यायच्या आधी घंटा. अर्ध्या ओल्या कागदावर घाईने दिलेला दुसरा हात चित्र मातीमोल करतो. मग शिक्षकही शेवटी सांगतात, बाळांनो, स्केचपेन काढा. आपल्या वेळी शुक्रवारी शेवटचे दोन तास जोडून होते आणि बाईंनी ते मुख्याध्यापकांकडून लेखी घेतले होते, असं मी ऐकलं आहे.

तेव्हा समितीला माझी विनंती आहे. महोत्सवाच्या निधीतून काय करावं असं पत्रात विचारलं आहे. कमान, पुतळा, घड्याळ यांसाठी देणगीदार मिळतील. माझी देणगी चित्रकलेच्या खोलीसाठी घ्यावी : खिडक्यांवरची कपाटं दुसऱ्या भिंतीला जावीत, खोलीतच एक नळ आणि बेसिन असावं, आणि आठवी-नववीला आठवड्यातून एकदा जोड तास मिळावा. खर्चाचा वाटा मी उचलते. हातकागद आणि पाट दरवर्षी मी पाठवेन, त्याची यादी शिक्षकांनी जूनआधी द्यावी. जोड तासाला पैसे लागत नाहीत. तो तेवढा वेळापत्रकात बसवून घ्यावा.