गडूभर कोटितीर्थ

आमचं कुलदैवत नार्व्याचा श्री सप्तकोटेश्वर. लहानपणापासून दोन-तीन वर्षांनी एकदा आम्ही बेळगावहून चोर्ला घाट उतरून, साखळी-डिचोली करत नार्व्याला जातो. अभिषेक, प्रसाद, दुपारचं जेवण आणि दिवेलागणीपर्यंत परत घरी. पण देव मुळात नार्व्याच्या या काठावरचा नाही. त्याचं मूळ स्थान नदीपलीकडे, दिवाडी बेटावर. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, तरी आजवर पलीकडे कोणी गेलं नव्हतं. गेल्या जानेवारीत आत्या म्हणाली, "आता एकाहत्तर झाले गं मला. एकदा देव ज्या वाटेने आला, त्या वाटेने घेऊन चल." तिने माहेरचा तांब्याचा झाकणाचा गडू काढून ठेवला होता. मूळ देवळाच्या कोटितीर्थ तळ्यातलं पाणी त्यात भरायचं आणि नार्व्याच्या देवाला न्यायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

म्हणजे दोन फेरीबोटी. पहिली जुन्या गोव्याहून दिवाडीला, दुसरी दिवाडीच्या वरच्या टोकाहून डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला. अंतर फार नाही, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला सोबत घेऊन जायचं तर आधी नीट आखणी करावी लागते. ज्यांना असंच जायचंय त्यांच्यासाठी जरा तपशिलात लिहिते.

पणजीत मावसबहिणीकडे मुक्काम केला आणि सकाळी साडेसातला निघालो. जुन्या गोव्याची बस पणजीच्या स्टँडवरून सहज मिळते. आम्हाला कदंबची मिळाली. गोव्याची सरकारी एसटी म्हणजे कदंब, हे नाव आपण रोज घेतो. पण ज्या कदंब राजघराण्यावरून ते आलं, त्या राजांचा हाच कुलदेव. 'श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद', म्हणजे सप्तकोटेश्वराच्या वराने प्रसाद मिळालेला, असं बिरुद ते लावत. आत्याला हे बसमध्ये सांगितलं तर तिने तिकीट घडी करून पर्समध्ये जपून ठेवलं.

जुन्या गोव्यात उतरल्यावर चर्चच्या गर्दीत न शिरता सरळ नदीकडे चालत जायचं. वाटेत व्हाइसरॉयची कमान लागते. तिच्यावर वास्को द गामाचा पुतळा आहे. त्याच्या पणतूने, तो गोव्याचा व्हाइसरॉय असताना, ही कमान उभारली. नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरला की याच दारातून शहरात शिरायचा. त्या कमानीखालून उलट्या दिशेने, पाण्याकडे, आम्ही गेलो. पुढेच धक्का.

फेरीबोटीची पद्धत एकदा लक्षात आली की सोपी आहे. चालत येणाऱ्याला तिकीट नाही. बोट लागते, पुढची लोखंडी फळी खडखडत उतारावर टेकते, आधी तिकडून आलेले सगळे उतरतात, मग इकडची वाहनं आणि माणसं चढतात. पायी चालणाऱ्यांनी कडेने जायचं, स्कूटरवाले भराभर आत घुसतात. महत्त्वाचं हे की ओहोटी असेल तर बोट उताराच्या खालच्या भागाला लागते, आणि तो भाग भरतीच्या वेळी पाण्याखाली असल्यामुळे शेवाळलेला असतो. आत्याची काठी तिथेच सरकली. मागच्या माणसाने दंड धरला म्हणून सावरली. वयस्कर माणसं सोबत असतील तर भरतीची वेळ बघून निघा. त्या दिवशी आम्ही ती पाहिली नव्हती, आणि पुढे ते आणखी एकदा भोवलं.

नदी ओलांडायला काही मिनिटंच लागतात. पलीकडे उतरलं की आवाज एकदम कमी होतो. दोन्ही बाजूंना खाजन शेतं. समुद्राचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून घातलेले बांध, बांधात पाणी आत-बाहेर सोडणारी मानस, कडेला खारफुटी. कापणी झालेल्या शेतात बगळे उतरले होते. आत्या म्हणाली, "याच शेतात पुरला होता गं देव." ती जुनी आठवण घराघरात सांगितली जाते: बहमनींच्या वेळी देऊळ मोडलं तेव्हा लिंग शेताच्या बांधात लपवून ठेवलं होतं. पुढे विजयनगरचा मंत्री माधव याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते काढून देऊळ पुन्हा उभं केलं. मग १५४० च्या सुमारास पोर्तुगीजांनी ते पाडलं. सांगतात की लिंग विहिरीवर पाणी शेंदायच्या कामी लावलं होतं, आणि भक्तांनी ते तिथून सोडवून होडीतून नदीपार नेलं.

आदल्या दिवशी फोनवर ठरवलेली रिक्षा धक्क्यावर आलीच नाही. फोनही उचलला नाही. सव्वा तास आम्ही एका झाडाखाली बसलो. बेटावर रिक्षा मोजक्याच, आणि नार्व्याचं टोक इथून चांगलं लांब, आत्याला चालवणं शक्यच नव्हतं. टोपलीत मासळी घेऊन बसलेल्या एका बाईने विचारलं, "खंय वतात?" नार्व्याला, म्हटलं. ती म्हणाली, "खंयचें नार्वें? हांगाचें काय पलतडचें?"

हे मला नवीन होतं. नार्वे दोन आहेत, एक दिवाडीवरचं जुनं आणि एक पलतडचं, म्हणजे पलीकडच्या काठावरचं. देव नदीपार गेला तेव्हा गावाचं नावही सोबत गेलं. आम्ही आयुष्यभर पलतडच्या नार्व्याला नुसतं 'नार्वे' म्हणत आलो होतो. आत्या त्या बाईकडे बघतच राहिली, मग म्हणाली, "दोन्ही." बाईने हात करून भाजीचा टेम्पो थांबवला आणि आम्हाला पुढे बसवून दिलं.

वाटेत पिएदाद लागलं. टेकडीवर पांढरंशुभ्र चर्च आहे. तिथेही आधी देऊळ होतं, आणि शेजारच्या दफनभूमीतल्या छोट्या चॅपलमध्ये कदंबकाळातलं दगडी कोरीव छत अजून शाबूत आहे. टेम्पोवाल्याने दोन मिनिटं थांबवलं म्हणून मी धावत जाऊन बाहेरून पाहून आले. खाली गावात जुनी पोर्तुगीज धाटणीची घरं, शिंपल्यांच्या खिडक्या, अंगणात चिंच आणि माड. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथे बोंदेरा होतो, वाड्यावाड्यांच्या हद्दीच्या भांडणांची आठवण म्हणून झेंड्यांची मिरवणूक निघते. टेम्पोवाला उत्साहाने सांगत होता आणि आत्या मान डोलावत होती, पण तिचं लक्ष मांडीवरच्या गडूकडे होतं.

जुन्या नार्व्यात कोटितीर्थ शोधायला तीन जणांना विचारावं लागलं. शेवटी एक शाळकरी मुलगा सायकल हातात धरून पुढे चालला.

तळं अचानक समोर येतं. जांभ्या दगडाच्या पायऱ्या खाली उतरत जातात. पायऱ्यांच्या वर भिंतीत छोटे छोटे कोनाडे आहेत, ओळीने, सगळे रिकामे. मी एका कोनाड्यात हात घालून पाहिला: आत गार, ओलसर, बोटाला हिरवं शेवाळ लागलं, आणि तळाशी एक नखाएवढी गोगलगाय चिकटलेली. कधीतरी इथे प्रत्येकात पणती किंवा मूर्ती असणार. पाणी हिरवट, त्यावर पानं पडलेली. आजूबाजूला कोणी नव्हतं. एवढं मोठं देवस्थान, राजांनी ज्याच्या नावाने मिरवलं, त्यातलं आता डोळ्यांना दिसतं ते एवढंच. मला फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं की पाणी तरी आहे, आटलेलं नाही.

आत्याला खाली उतरवणं शक्य नव्हतं. ती वरच्या पायरीवर बसली आणि मी उतरून पानं बाजूला सारून गडू भरला. वर आल्यावर तिने झाकण लावलं, पदराने गडू पुसला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली. मुलगाही सायकलला टेकून थांबला होता. त्याला खाऊला पैसे दिले तर घेईना. लाडू मात्र घेतला.

नार्व्याच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा सव्वा बारा झाले होते आणि बोट पलीकडच्या काठाला उभी होती. इथेही ओहोटीच भोवली. पाणी खूप खाली गेलं होतं, थोडं चढेपर्यंत थांबायला हवं असं धक्क्यावरच्या लोकांनी सांगितलं. तास गेला. धक्क्यावर सावली नाही, जवळ दुकान नाही. आमच्याकडे पाण्याची एकच बाटली होती. तुम्ही जाल तेव्हा दोन-तीन घ्या, आणि पोळी-भाजी बांधून घ्या. तहान लागली होती आणि गडू मांडीवर भरलेला होता. आत्याने त्याला हात लावला नाही.

गोकुळाष्टमीला या काठांवर तीर्थस्नानाला गर्दी उसळते, असं शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं. त्यांची मुलगी पलतडला दिली आहे. ते दर आठवड्याला याच बोटीने जातात. सोबत मुलीसाठी कुळथाची पिशवी होती. आत्याने त्यांना गडू दाखवला. त्यांनी चप्पल काढून नमस्कार केला.

दीडच्या सुमारास बोट आली. इथली नदी अरुंद, बोट वळते न वळते तोच काठ येतो. आत्या कठड्याला धरून उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

पलीकडून देवळापर्यंत एका स्कूटरवाल्या मुलीने आत्याला पोहोचवलं, मी मागून चालत गेले. देऊळ ओळखीचंच. गोवा सरकारने जीर्णोद्धार करून फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं केलं, तेव्हापासून मी पहिल्यांदाच जात होते. बुटकं, भरदार, घुमटाचं देऊळ, समोर दीपस्तंभ. दारावरच्या शिलालेखाखाली मात्र या वेळी जास्त वेळ उभी राहिले. "श्री सप्तकोटीश शके १५९० कीलकाब्दे कार्तिक कृष्ण पंचम्यां सोमे श्रीशिवराज्ञा देवालयस्य प्रारंभः." म्हणजे नोव्हेंबर १६६८ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवळाचं काम सुरू झालं. तोवर सव्वाशे वर्षं हा देव पलतडला आश्रयाला आलेला होता. नदीच्या त्या बाजूला पोर्तुगीजांचा अंमल, आणि या काठावर महाराजांनी त्याला पक्कं घर बांधून दिलं. सकाळी तो रिकामा कोनाडा पाहिल्यामुळे 'प्रारंभः' हा शब्द या वेळी वेगळा वाचला गेला.

दुपारची वेळ, गाभारा बंद होता. चारपर्यंत थांबलो. पुजारीकाकांना आत्याने गडू दिला आणि कुठून आणला ते सांगितलं. त्यांनी झाकण उघडून पाहिलं. "हे अभिषेकाला नाही घालता यायचं, काकू. गढूळ आहे." आत्या काही बोलली नाही. मग तेच म्हणाले, "पण परत नेऊ नका. देवासमोर ठेवा, आरती होऊ दे, मग तुळशीत घाला."

गडू गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी ठेवला. आत समईच्या उजेडात धारालिंग, म्हणजे उभ्या पैलूंचं लिंग, त्याच्या कडा स्पष्ट दिसत होत्या. आरती झाली. आत्याने स्वतः, काठी माझ्याकडे देऊन, दोन्ही हातांनी गडू उचलला आणि तुळशीच्या मुळाशी हळूहळू रिकामा केला. शेवटी तळाशी राहिलेलं एक भिजलं पान तिने बोटाने काढून तिथेच मातीवर ठेवलं.

डिचोलीची बस सव्वापाचला मिळाली, तिथून पणजी.