गाळ की गाय

आमच्या डब्यात शब्दकोडं सोडवायला पंचवीसेक किलोमीटर मिळायचे. भुसावळ सुटलं की पेपरची घडी उघडायची आणि जळगावच्या फलाटावर ती मिटायची. गाडी आउटरला उभी राहिली की बाकीचे अपडाउनवाले रेल्वेच्या नावानं बोटं मोडायचे. आम्ही तिघं-चौघं मात्र गप्प. उभे सात अजून लागलेलं नसायचं.

पेन पोस्टातल्या तात्यांच्या हातात. पेन्सिलीनं कोडं भरणं म्हणजे त्यांच्या मते चूक करायच्या आधीच माफी मागून ठेवणं. (शब्दकोड्यांचं पहिलं पुस्तक अमेरिकेत १९२४ साली निघालं, तेव्हा त्याला प्रकाशकांनी पेन्सिल जोडून दिली होती, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा माहीत असतं तर तात्यांच्या तोंडावर टाकलं असतं.) समोरच्या बाकावर झेडपीच्या शाळेतल्या बाई, खिडकीशी मी, आणि दाराजवळ उभं राहून न विचारता उत्तरं देणारे एक अण्णा, ज्यांची उत्तरं बहुतेक चुकायची पण आवाज बरोबर असायचा.

रोजचं कोडं सोडवणाऱ्याला एक वेगळीच मराठी येते. ती भुसावळच्या बाजारात चालत नाही. बायकोला आमच्याकडे कुणी ‘दारा’ म्हणत नाही, ‘जाया’ तर नाहीच. पण दोन घरं रिकामी असली की कोडं करणाऱ्याला या दोघी हमखास आठवतात. डोंगर म्हणजे नग, कापड म्हणजे वसन, मुलगा म्हणजे तनय. विस्तव अनल आणि वारा अनिल, एका वेलांटीवर सगळा संसार. ‘बालकवींचं आडनाव’ हे तीन घरांचं सूत्र वर्षातून दोनदा तरी यायचं. ठोंबरे लिहून झालं की तात्या पेन थांबवून खिडकीबाहेर बघत. मध्ये भादली लागतं ना. १९१८ साली त्याच भादली स्टेशनाजवळ गाडीखाली ते गेले, अठ्ठाविसाव्या वर्षी. तात्या काही बोलत नसत. मग टोपण उघडून म्हणत, ‘‘चला, आडवे बारा.’’

माझी खरी तक्रार ‘उत्तर उद्याच्या अंकात’ या ओळीबद्दल आहे. उद्याच्या अंकात भरलेल्या चौकोनांचं एक बारीक चित्र येतं, आणि बस. काय ते कळतं, का ते कळत नाही. ‘घाटाला असते, आंब्यालाही’ याचं उत्तर पायरी, हे तिथं छापलेलं असतं. पण घाटाची पायरी चढायची आणि आंब्यांतली पायरी खायची, हे कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं. ज्याला सांगितलं तो कपाळावर हात मारून ‘अस्सं होय!’ म्हणाला की कोडं सुटलं. नुसती घरं भरण्याला मी सोडवणं म्हणत नाही. आमच्या डब्यात भरायला वीस मिनिटं जायची आणि समजावण्यावर भांडायला उरलेला रस्ता. कधीकधी स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत.

भांडणाचं मूळ आपल्या लिपीतच आहे. न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात आर्थर विन नावाच्या गृहस्थानं २१ डिसेंबर १९१३ला पहिलं कोडं छापलं, तेव्हा त्याच्या हाताशी फक्त सव्वीस अक्षरं. आपल्याकडे एका घरात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-जोडाक्षरासकट. ‘स्त्री’ एका घरात मावते आणि ‘की’ला ‘कि’च्या घरात जागा नसते. त्यामुळे आडव्या शब्दातला ‘ना’ उभ्यालाही ‘ना’च लागतो, ‘न’ चालत नाही. म्हणून आपली कोडी आखूड शब्दांची, काळ्या घरांनी भरलेली. तात्या ऱ्हस्व-दीर्घावर एकदा धरणगावच्या एका प्रवाशाशी इतके भांडले की तो पुढच्या आठवड्यात शेजारच्या डब्यात दिसला.

डब्यात न सुटलेली घरं मी संध्याकाळी घरी आणायची. घरी माय.

माझी माय दुसरीपर्यंत शिकलेली, माहेर यावलकडचं, भाषा आमची लेवा गणबोली. तूर निवडत बसलेली असायची. मी सूत्र वाचायची, ती बोटांवर घरं मोजून उत्तर द्यायची. एकदा मी विचारलं, ‘‘कोळशाचा रंग, दोन घरं?’’

‘‘काया.’’

थोड्या वेळानं, ‘‘देह, दोन घरं?’’

‘‘काया,’’ माय म्हणाली, आणि वर, ‘‘आत्ताच त सांगतलं.’’

आमच्याकडे ‘ळ’ नाही. डोळा तो डोया, फळ ते फय, केळी ती केयी, आणि मी रोज जायची ते गाव जयगाव. गळ्यात ती तुळशीची ‘माय’ घालते आणि तिला आम्ही माय म्हणतो. ‘ण’ही नाही, पाणी ते पानी. गंमत म्हणजे यानं घरांचा हिशेब बिघडत नाही. पुस्तकातलं पाणी दोन घरांचं, मायचं पानीही दोनच घरांचं. शब्द बदलला तरच पंचाईत होते: ‘दळायचं साधन, दोन घरं’ याला माय ठामपणे ‘घरोटा’ म्हणाली. बहिणाबाईंनी त्यावर कविता केली आहे, शब्द काही हलका नाही. पण कोड्याला जातं हवं होतं आणि घरोटा एका घरानं जास्त. माय म्हणाली, ‘‘मंग येक घर वाढव ना.’’ मला वाटतं शब्दकोड्यावर इतकी रास्त सूचना अजून कुणी केलेली नाही.

तर मायच्या तोंडून ‘य’ आला की मी उभा शब्द बघायची. उभा सांगायचा, हा ‘य’ खराच ‘य’ आहे की पुण्या-मुंबईचा ‘ळ’.

निवृत्त झाले आणि डबा सुटला. त्याच सुमारास न्यू जर्सीतल्या भाच्यानं फोनवर तिकडच्या कोड्यांचं पुराण सुरू केलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं म्हणे आधी या खुळाला नाकं मुरडली आणि १९४२ साली, युद्धाच्या धामधुमीत, स्वतःच सुरू केलं, रोजचं कोडं १९५०पासून. सोमवार ते गुरुवार कोड्याला सूत्र असतं, म्हणजे आपण ज्याला सूत्र म्हणतो ते नव्हे. सगळ्या कोड्यातून ओवलेला एक धागा. चार-पाच लांब उत्तरं दिसायला एकमेकांची कुणी नाहीत, पण आत काहीतरी सारखं लपलेलं, आणि तळाशी किंवा मध्यभागी एक शब्द असा की तो लागला की सगळ्यांची नाती उघडी पडतात. लग्नाच्या पंगतीत एखादी म्हातारी सांगते तसं, अगं हा तुझ्या आत्याच्या जावेचा भाऊ. शुक्रवारी-शनिवारी धागा नसतो, नुसतं अवघड असतं. आणि हो, काळी घरं अशी मांडायची की कागद उलटा धरला तरी ती जागच्या जागी दिसावीत.

‘‘मावशी, तुम्हांला मराठीत असं करता येईल?’’ तो म्हणाला. हा मुलगा लहानपणी कळण्याची भाकरी खाताना तोंड वाकडं करायचा. त्यानं मला आव्हान द्यावं!

चौकडीची वही आणली. आठवडा गेला. भरताच्या वांग्याला तेल लावून गॅसवर ठेवलं आणि विसरले, एवढी त्यात बुडाले. पण जमलं. वरून खाली उत्तरं अशी: केसरी (टिळकांचं, नाहीतर जंगलातला), कानडी (बेळगावात कानावर पडते), मानधन (कवीला कधीमधी मिळतं), पाठशाळा (इथं श्लोक घोकतात), पायरी (ती तर वर आलीच आहे) आणि नखरा (ठसक्याची थोरली बहीण). आता प्रत्येकाचं सुरुवातीचं तोडून बघा. केस, कान, मान, पाठ, पाय, नख. आख्खा माणूस उभा आहे, आणि एकाही शब्दाचा अंगाशी संबंध नाही. बरोबर मधोमध पाच घरांचा शब्द: नखशिखांत. घरं मोजली तर तीन, तीन, चार, पाच, चार, तीन, तीन. ही मोजणी मी जुळवली नाही, आपसूक जुळली. त्या रात्री मला झोप आली नाही.

यात काय काय पडलं तेही सांगते. हातोडा घ्यायचा होता. हात आहे असं कानाला वाटतं, पण घरात ‘तो’ बसतो, ‘त’ नाही. नाकाबंदीचं तेच. इंग्रजीवाल्याला नाक कापून घेता येतं, आपल्या नाकाला काना चिकटला की ते नाक राहत नाही.

फोटो काढून तात्यांना पाठवला. तासाभरात फोन. ‘‘सुटलं. पण चुकलंय.’’

‘‘काय चुकलं?’’

‘‘नखशिखांत म्हणजे नखापासून शेंडीपर्यंत. तुमचा माणूस केसांपासून सुरू होऊन नखाला संपतो. हा शिखानखांत झाला.’’

‘‘तात्या, खालून वर वाचा ना.’’

‘‘म्हणजे मी शीर्षासन करू?’’

‘‘तुम्ही कशाला, कागद उलटा धरा. काळी घरं तशीच राहतात.’’

पलीकडे कागदाची सळसळ ऐकू आली. मग बराच वेळ काही नाही. मग, ‘‘अस्सं होय!’’ भुसावळ-जळगाव पास काढायचे बंद झाल्यापासून हे दोन शब्द ऐकले नव्हते. (दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा फोन केला आणि ‘अक्षरंही उलटी होतात’ अशी पुरवणी तक्रार नोंदवली. ती मी फेटाळली.)

भाच्याला कळवलं तर त्यानं शाबासकीसोबत एक नवीन किडा सोडून दिला. १९९६ साली अमेरिकेच्या निवडणुकीच्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, त्याच पेपरात जेरेमाया फॅरेल नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाचं कोडं आलं. मधल्या ओळीचं सूत्र होतं, उद्याच्या पेपरातली मुख्य बातमी. मतमोजणी व्हायची होती! उत्तर ‘क्लिंटन निवडून आले’ असं भरलं तरी बरोबर आणि ‘बॉब डोल निवडून आले’ असं भरलं तरी बरोबर. दोन्ही नावं इंग्रजीत सात अक्षरी, आणि त्यांना छेदणारा प्रत्येक उभा शब्दही दोन्हीकडून लागणारा. हॅलोविनचा काळा प्राणी म्हणजे कॅट घ्या नाहीतर बॅट, मांजर किंवा वटवाघूळ. लोकांनी पेपरवर राग काढला, की तुम्ही आधीच कुणाला निवडून कसं देता.

हे ऐकून मला आमच्या नानांचे, म्हणजे वडिलांचे, काका आठवले. ते कूपनं भरून, प्रवेशफीसकट, बक्षिसाच्या कोड्यांना पाठवायचे. त्या कोड्यांतही एका सूत्राला दोन शब्द चपखल बसायचे. पण तिथं संपादकाच्या बंद पाकिटात त्यांतला एकच बरोबर, आणि तो का बरोबर हे कुणी समजावत नसे. काकांची अर्धी वाटणी त्या पाकिटात गेली असं आजी सांगायची. आजी वाढवून सांगायची हेही खरं. पुढे १९५५ साली केंद्रानं कायदाच केला: महिन्याला हजार रुपयांवर बक्षीस नको, दोन हजारांवर प्रवेशिका नकोत. १९५७ला सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की ज्यात कौशल्याचा भाग नावापुरता, तो जुगारच. काकांना तोवर विड्यांचं व्यसन लागलं होतं, ते स्वस्त पडलं.

फॅरेलसाहेबांसारखं, दोन्ही उत्तरं खरी असलेलं, मराठीत जमेल का? माझ्याकडे घरचंच भांडवल होतं. काळा-काया, माळा-माया, साळ-साय, गाळ-गाय. एकाच घरात ‘ळ’ लिहा नाहीतर ‘य’. आडवा गाळ किंवा गाय, उभा साळ किंवा साय, दोघांचं शेवटचं घर सामाईक. सूत्रं मात्र दोन्हीला लागणारी हवीत, आणि इथं मराठी फार चुगलखोर. ‘विहिरीतून काढावा लागतो’ म्हटलं की गाळ, ‘काढावी लागते’ म्हटलं की गाय. क्रियापद लगेच लिंग सांगून मोकळं. इंग्रजीवाल्याला ही डोकेदुखी नाही. तीन दिवसांनी सापडलं. आडवे: ‘विहिरीत राहिल्यास पाणी नासतं’. उभे: ‘भाताशी जवळचं नातं’. साळ भाताची आई, साय भातावर पडते. मी स्वतःवरच खूश होऊन दोन कप चहा प्यायले.

परीक्षा मायवर. ती आता पंच्याऐंशीच्या पुढे. तूर निवडत नाही, पण ताट मांडीवर लागतं. मी मोठ्यानं वाचलं, ‘‘विहिरीत राहिल्यास पाणी नासतं. दोन घरं.’’

बोटांवर मोजलं. ‘‘गाय.’’

‘‘गाळ की गाय?’’ मी ‘ळ’वर जोर दिला.

माय माझ्याकडे, शाळा शिकून पोरगी वाया गेली अशा नजरेनं बघत राहिली.

‘‘हाव,’’ ती म्हणाली. ‘‘गायच.’’