आमचाच जॉब लावून दाखवा

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या सामायिक वर्कशॉपमध्ये कुणी खिडकीच्या ग्रिल करतं, कुणी सायकलच्या फ्रेम, एक ताई कुंड्यांचे लोखंडी स्टँड बनवतात. सकाळी काळा, दुपारी पांढरा, उद्या कुणाला पोपटी. एका रंगाचे दहा नग आले की ती मोठी ऑर्डर. पावडर कोटिंगची, म्हणजे रंगाची कोरडी पावडर गनने लोखंडावर उडवून भट्टीत भाजून पक्की करण्याची यंत्रणा घ्यायचं ठरलं तेव्हा खरेदी माझ्याकडे आली, आणि पहिल्याच कोटेशनमध्ये लक्षात आलं की बाजारातला बराचसा माल दिवसभर एकच रंग मारणाऱ्यांसाठी बनवलेला असतो.

म्हणून डेमोला वागळे इस्टेटला निघालो तेव्हा टेम्पोत आमचेच जॉब, म्हणजे रंगवायचे नग टाकले. चौकोनी पाइपची एक खुर्ची, तिच्या कोपऱ्यात आत वळलेल्या पट्ट्या, आणि दहा मिलिमीटर जाडीचे दोन ब्रॅकेट. सगळं आधीच धुऊन, फॉस्फेटिंग करून (रंग नीट धरावा म्हणून लोखंडावर द्यायची रासायनिक प्रक्रिया) आणलेलं. सोबत काका. उभं आयुष्य कोटिंगच्या लाइनवर गेलेला माणूस, आता निवृत्त, पण आमच्या पोरांना शिकवायला हौसेने येतो.

विक्रेत्याच्या माणसाने आधी सपाट पत्रा टांगला, गन धरली, आणि पत्रा बघता बघता एकसारखा पांढरा झाला. सपाट पत्र्यावर कुठलीही गन छानच दिसते. काका म्हणाले, "आता आमची खुर्ची लावा."

खुर्चीच्या बाहेरच्या कडांवर पावडर बसली, आतले कोपरे मात्र काळेच राहिले. तो मुलगा व्होल्टेज वाढवायला लागला. गनच्या टोकाशी साधारण १०० किलोव्होल्टपर्यंत विद्युत दाब असतो. त्याने पावडरच्या कणांना भार मिळतो आणि ते अर्थिंग केलेल्या लोखंडाकडे ओढले जातात, पण खोल कोपऱ्यात हे विद्युत क्षेत्र शिरतच नाही, ते जवळच्या कडेलाच जाऊन भिडतं. दाब वाढवला की कडेवर थर जाड होतो आणि कोपरा आणखी उपाशी राहतो.

"बाळा, कमी कर. हवापण कमी कर," काका म्हणाले, आणि गन स्वतःच्या हातात घेतली. त्याआधी त्यांनी हातमोजा काढून ठेवला. गन उघड्या हाताने धरायची, म्हणजे तिच्या मुठीतून माणसाचंही अर्थिंग होतं. रबरी मोजा आणि रबरी चप्पल असली की अंगावर भार साठतो, ठिणगी पडते, आणि हवेत तरंगणारी बारीक पावडर पेट घेऊ शकते. आमच्याकडे निम्मे लोक चपलेत येतात. कंडक्टिव्ह, म्हणजे वीज जमिनीत जाऊ देणाऱ्या सोलचे बूट खरेदीच्या यादीत मी तिथेच लिहून घेतले. काकांनी आधी कोपरे भरले, मग कडा. भट्टीतून निघाल्यावर थराची जाडी मोजणारं मायक्रॉन मीटर ठेवून पाहिलं, तर थर साठ ते ऐंशी मायक्रॉनच्या आतच होता. गन चांगली होती, हे तिथे नक्की झालं.

उडालेली पावडर हवेतून वेगळी करून परत गोळा करणारा रिकव्हरी सायक्लोन मात्र मी नको म्हटलं. खाली पडलेली पावडर परत वापरता येते हे खरं, पण रंग बदलताना सगळी नळी, सायक्लोन, हॉपर (पावडरची टाकी) झाडून पुसावं लागतं. काळ्याचे चार कण राहिले तरी पुढच्या पांढऱ्यावर ठिपके. दहा नगांसाठी ती साफसफाई कुणाला परवडणार? आम्ही पावडर लहान कपात भरायची गन आणि साधा फिल्टरचा बूथ, म्हणजे रंग मारायची खोली घेतली, पडलेली पावडर टाकून द्यायची. थोडी पावडर वाया जाईल, पण ताईंचा पांढरा स्टँड पांढराच निघेल.

खरी परीक्षा भट्टीची होती, आणि दिवसातला बहुतेक वेळ तिथेच गेला. कंट्रोलरवर २०० अंश दिसत होते. ते आकडे भट्टीतल्या हवेचे. आमच्या पावडरच्या डब्यावर २०० अंशाला दहा मिनिटं लिहिलं होतं, ती दहा मिनिटं धातू त्या तापमानाला पोहोचल्यापासून मोजायची. आम्ही धातूचं तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलच्या तारा तीन ठिकाणी लावल्या: वर, मध्ये, आणि तळाच्या जाड ब्रॅकेटवर. वरचा पत्रा पटकन तापला. तळाचा ब्रॅकेट भट्टी उघडायच्या वेळी १५० च्या आसपास रेंगाळत होता. तिथे हवा फिरवणारा पंखा लहान होता आणि सगळी गरमी वर जमत होती.

वरचा पत्रा आणि तळाचा ब्रॅकेट बाहेर काढले तेव्हा रंगात काहीच फरक दिसत नव्हता. दोन्ही चकचकीत. थंड झाल्यावर काकांनी एमईके या सॉल्व्हेंटमध्ये बुडवलेला पांढरा कपडा वरच्या पत्र्यावर घासला, कपडा जवळपास स्वच्छ. तसाच ब्रॅकेटवर घासला, आणि कपड्यावर हिरवा रंग आला, म्हणजे तिथला थर पुरता भाजलाच नव्हता. भट्टी भरली की हे असं होतं आणि गिऱ्हाईकाला ते दोन महिन्यांनी कळतं, जेव्हा पापुद्रे सुटायला लागतात. मला तो कपडा अजून डोळ्यांसमोर दिसतो, कारण असा माल कोणी आमच्या नावावर घेऊन गेला असता तर त्याच्या मेहनतीचे आणि पैशाचे, दोन्हींचे हाल होणार होते.

विक्रेता म्हणाला, "साहेब, वेळ वाढवा." वेळ वाढवून ब्रॅकेट भाजेल, पण वरचा पत्रा पांढरा असेल तर तोवर पिवळट होईल.

ती भट्टी आम्ही घेतली नाही. गन, बूथ, आणि गनला जाणाऱ्या हवेतलं पाणी काढणारा ड्रायर तिथून घेतला, कारण पावसाळ्यात इथल्या हवेत पावडरचे गोळे होतात. भट्टी आमच्या मापाने, मोठ्या पंख्याची, दुसरीकडे बनवून घ्यायची ठरली, आणि त्याआधी वीजभार वाढवून मिळावा म्हणून महावितरणकडे अर्ज. धुण्याच्या आणि फॉस्फेटिंगच्या टाक्या आम्ही ठेवणारच नाही. ते सांडपाणी गटारात सोडायची गोष्ट नाही, ते काम परवाना असलेल्या युनिटकडे.

भट्टीच्या ऑर्डरवर एक अट मी हाताने लिहिली: शेवटचा हप्ता आमच्या गाळ्यात, पूर्ण भरलेल्या भट्टीत, तळाच्या जाड नगावर तापमान मोजल्यानंतरच. बनवणाऱ्याने जरा खळखळ केली, मग सही केली.