औलिस: वाऱ्यासाठी अडलेलं बंदर

अथेन्सहून रेल्वेने खाल्किदाला उतरले आणि आधी पुलावर जाऊन उभी राहिले. खाली एव्रिपोसची सामुद्रधुनी, जेमतेम ४० मीटर रुंद. इथला प्रवाह दिवसातून साधारण चार वेळा दिशा बदलतो. मी पाहिलं तेव्हा पाणी दक्षिणेला धावत होतं, आणि त्याच बाजूला, काही किलोमीटरवर, औलिस.

प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या नाटकात खाल्किदाच्या बायका हे पाणी ओलांडून ग्रीकांचं आरमार बघायला येतात. म्हणून मला याच वाटेने जायचं होतं.

शिकारीची देवी आर्टेमिस, तिचं देऊळ रस्त्यालगतच आहे. चौथऱ्याचे दगड, खांबांचे बुंधे, मधून उगवलेलं गवत. ट्रॉयवर स्वारीला निघालेली गलबतं वाऱ्याअभावी या बंदरात खोळंबली, कारण ग्रीकांचा सेनापती राजा अगामेम्नॉनने देवीचं हरीण मारलं होतं आणि ती रागावली होती. वारा हवा असेल तर थोरली लेक बळी दे, असं कॅल्कस या द्रष्ट्याने सांगितलं. राजाने घरी निरोप धाडला: आपल्या इफिगेनियाला पाठव, अकिलीस या वीराशी तिचं लग्न ठरवलंय. आई हौसेने स्वतः तिला घेऊन आली. छावणीत अकिलीस दिसल्यावर ती जावई म्हणून त्याच्याशी बोलू लागते, आणि त्या बिचाऱ्याला या लग्नाचा पत्ताच नसतो! नाटक कितीही वेळा वाचलं तरी माझा जीव इथेच गोळा होतो. सुरीपेक्षा हे जास्त भयंकर वाटतं मला.

पुढे काय झालं, याच्या दोन कथा. एकीत देवीने ऐनवेळी मुलीच्या जागी हरिणी ठेवली आणि तिला दूर टॉरिसला नेलं. दुसरी एस्किलस या आणखी एका ग्रीक नाटककाराची, तो मात्र दया दाखवत नाही. मुलीने घराण्याला शाप देऊ नये म्हणून तिचं तोंड बांधायला बापच सांगतो. त्या दगडांपाशी उभं राहून मला एस्किलसच खरा वाटला.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसानिअस हा प्रवासी इथे आला, तेव्हा देवळात एका चिनाराचं उरलेलं लाकूड जपून ठेवलेलं होतं. त्याच झाडावर सापाने चिमणीची आठ पिल्लं आणि नववी त्यांची आई गिळली, त्यावरून कॅल्कसने नऊ वर्षांचं युद्ध सांगितलं होतं. गावात माणसं थोडी, आणि ती कुंभार, असंही पॉसानिअस लिहितो.

मग पाण्यापाशी गेले. हजाराहून जास्त गलबतं इथे कशी मावली असतील? खाडी लहान आहे. दुपारी वारा पडलेला होता, पाण्यावर तरंगसुद्धा नव्हता.