चार सज्जनांचा काढा

दुपारी जेवून उठलं की डोळे जड होतात. भूक लागते, पण चार घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. पोट फुगतं, दुखत मात्र नाही. रात्री झोप लागते आणि सकाळी अंगात त्राण नसतं. रक्त तपासावं तर हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइड ठीक, बी-ट्वेल्व्ह काठावर, पण ठीकच. आमच्या घरी याला ‘खाल्लेलं अंगी लागत नाही’ एवढंच म्हणत. आजी ते पानात दुसऱ्यांदा भात वाढताना म्हणायची, त्यामुळे निदान आणि उपचार एकाच वेळी होऊन जात. पण हे घेऊन डॉक्टरकडे गेलं की पंचाईत. इस्पितळात हृदयाला मजला आहे, हाडांना मजला आहे. अंगी न लागण्याला कुठल्या मजल्यावर जायचं?

चिनी वैद्यकात या तक्रारीला मानाचं पान आहे. पोटाच्या मधोमध ‘पी’ नावाची एक सत्ता आहे असं ते मानतात. तिला प्लीहा म्हणतात, पण शरीरशास्त्राच्या पुस्तकातली प्लीहा डोळ्यांपुढे आणू नये. ही पी म्हणजे अन्नातून सत्त्व काढून ते वर, हातापायांपर्यंत पोचवणारी यंत्रणा. पंचतत्त्वांपैकी पृथ्वी तिची, रंग पिवळा, चव गोड. ती थकली की अन्न पोटात पडून राहतं आणि हातपाय जड होतात, म्हणून पोट बिघडणं आणि थकवा येणं हे त्यांच्या लेखी दोन वेगळे आजार नाहीत. फार विचार केल्यानेही ती दुबळी होते, असं त्यांचे जुने ग्रंथ सांगतात. खुर्चीत बसून दिवसभर डोकं चालवणाऱ्यांनी इथे थोडं थांबून घ्यावं.

मी सिंगापूरला राहते. इथे वस्तीच्या बाजारात भाजीच्या आणि मासळीच्या दुकानांशेजारी एखादा तरी ‘मेडिकल हॉल’ असतोच. आत भिंतभर लहान लहान खण, वर काचेच्या बरण्या, वाळवलेल्या मुळांचा आणि संत्र्याच्या सालींचा मिळून एक गोडसर, धुळकट वास. औषध देणाऱ्याला ‘सिन्से’ म्हणतात. सिन्से आधी दोन्ही मनगटांची नाडी बघतात आणि मग जीभ बाहेर काढायला सांगतात. जीभ फिकट, थोडी सुजल्यासारखी आणि कडेला दातांचे ठसे उमटलेली असली की पी दुबळी. हे कळल्यावर मी घरी आरशासमोर उभी राहिले, मग नवऱ्याला उभं केलं, मग सुट्टीवर आलेल्या भाच्याला. तिघांच्याही जिभेला कंगोरे. खुणा फार शोधू नयेत, सापडतात.

या दुबळेपणावरच्या औषधांचा मूळपुरुष म्हणजे ‘सी जुन झी तांग’, चार सज्जनांचा काढा. हे सज्जन कन्फ्यूशियसच्या विचारातले: संयमी, समतोल, कधीही आवाज न चढवणारे. काढ्यातली चारही द्रव्यं तशीच आहेत. जुलाब करवत नाहीत, घाम फोडत नाहीत, तोंड पोळवत नाहीत. मला या औषधाचं खरं कौतुक आहे ते इथे. धडाकेबाज औषधांच्या दुनियेत कुणीतरी मुद्दाम बसून सौम्यपणाची जुळवाजुळव केली.

पहिला सज्जन जिनसेंग, चौघांतला मुख्य. हा खरा ईशान्य चीनमधल्या चांगबाय डोंगराकडचा आणि कोरियातला. एके काळी शान्शी प्रांतातल्या शांगडांग भागातला जिनसेंग सर्वांत चांगला मानत. लोकांनी तो इतका उपसला की तिथून नाहीसाच झाला. आता त्याच भागाचं नाव लावणारं ‘डांगशन’ हे वेगळंच मूळ, स्वस्त आणि मवाळ, रोजच्या काढ्यात जिनसेंगच्या जागी घालतात. माझ्याही पुडीत तेच होतं. जिनसेंगची हाव किती होती याचा एक दाखला: 1784 साली ‘एम्प्रेस ऑफ चायना’ हे नव्या अमेरिकेचं पहिलं व्यापारी जहाज न्यूयॉर्कहून चीनमधल्या कँटनला (आजच्या ग्वांगझोला) गेलं, तेव्हा त्याच्या पोटात मुख्य माल होता तिथल्या जंगलात खणलेला सुमारे तीस टन जिनसेंग. चिन्यांना विकता येईल असं त्या देशाकडे तेव्हा दुसरं फारसं काही नव्हतं.

दुसरा बायझू. गाठाळ, तपकिरी कंद, चेजियांग प्रांतातला नावाजलेला. पोटात साचलेली ओल शोषून घेणं हे याचं काम. तो कोंड्याबरोबर परतून घेतात, आणि जुन्या पद्धतीत तर चुलीच्या भाजलेल्या मातीबरोबर. पीचं तत्त्व पृथ्वी, म्हणून तिच्या औषधाला मातीची संगत. तर्क म्हणून मला हा भारी आवडतो. औषध म्हणून त्यात किती दम आहे, ते रसायनशास्त्रज्ञांनी बघावं.

तिसरा फूलिंग. हे मूळ नाही, बुरशी आहे. पाइनच्या मुळांवर जमिनीखाली हिचे गड्डे धरतात. वरून काळपट, खरखरीत आणि आत पांढरेशुभ्र. वैद्याच्या पुडीत त्याच्या चौकोनी फोडी येतात आणि चवीला त्या जवळजवळ काहीच लागत नाहीत. बेजिंगमध्ये याच फूलिंगच्या नावाने कागदाइतक्या पातळ चकत्यांमध्ये मध आणि सुकामेवा भरलेली मिठाई मिळते. दुबळ्या पोटाचं औषध घालून मिठाई करायची, ही युक्ती आपल्याकडे डिंकाचे लाडू करणाऱ्यांना पटण्यासारखी आहे.

चौथा मात्र ओळखीचा निघाला. ज्येष्ठमध! जात थोडी वेगळी, पण कूळ तेच, आणि घसा धरला की गालात धरून ठेवायला लावत तीच पिवळी, धागेदार काडी. चिनी लोक तो मधात परतून घेतात. चीनमधल्या बहुतेक पाठांत, म्हणजे औषधांच्या ठरलेल्या कृतींत, तो असतोच, कारण बाकीच्या औषधांचं आपसात पटवून देणं ही त्याची जबाबदारी. त्याला ‘राष्ट्राचा वडीलधारा’ अशी पदवीच आहे. लग्नघरात सगळ्यांची समजूत घालत फिरणारे एक काका असतात, ज्यांना स्वतःला काही नको असतं, पण ज्यांच्यावाचून कार्य पार पडत नाही, तसा हा.

हा पाठ नोंदलेला आहे तो सोंग राजवटीच्या सरकारी औषधशाळेच्या संग्रहात. 1076 साली राजधानी कायफंगमध्ये सरकारने स्वतःचं औषधांचं दुकान काढलं. भेसळ टळावी, भाव आवाक्यात राहावेत आणि ठरलेल्या पाठांची तयार औषधं लोकांना मिळावीत, हा हेतू. म्हणजे चार सज्जन कुण्या ऋषीच्या गुहेतून नाही, सरकारी खात्यातून आले. मूळ कृतीही खात्याला शोभेल इतकी आटोपशीर: चारही द्रव्यं सारखी घेऊन पूड करावी, दर वेळी दोन छिएन, आजच्या हिशेबात आठेक ग्रॅम, एक पेला पाण्यात उकळून दहातले सात भाग उरवावेत आणि कधीही प्यावं. तेवढंही जमत नसेल तर चिमूटभर मीठ घालून नुसत्या उकळत्या पाण्यात ढवळून घ्यावं. हजार वर्षांपूर्वीच्या कारकुनांनाही वेळ नव्हता, हे वाचून बरं वाटलं.

त्याच काळातला सू झे हा कवी आणि अधिकारी (थोर कवी सू डोंगपोचा धाकटा भाऊ) या तक्रारीचा जुना गिऱ्हाईक. आपण लहानपणापासून दुखणाईत, असं त्याने लिहून ठेवलंय. उन्हाळ्यात पीला अन्न झेपत नाही, शरदात फुप्फुसांना थंडी झेपत नाही. फुप्फुसं सांभाळावीत तर पी बिघडते, पी सांभाळावी तर फुप्फुसं. बत्तिसाव्या वर्षी कुणीतरी दया येऊन त्याला ताओपंथी श्वासाची साधना शिकवली आणि वर्षभरात दोन्ही दुखणी गेली. तिथून प्रकृती सांभाळण्याचं वेड लागून तो फूलिंगकडे वळला. एवढा मोठा माणूस, दरबारातल्या राजकारणात होरपळलेला, पण पोटाबद्दल लिहायला लागला की आपल्या शेजारच्या बिऱ्हाडातला वाटतो.

दुबळ्या पोटाची दुसरी गोष्टही याच कायफंगला पोचते, पण ती हसण्यासारखी नाही. ली डोंगयुआन हा सधन घरातला मुलगा. त्याची आई आजारी पडली. गावातल्या निरनिराळ्या वैद्यांनी गरम, थंड अशी सगळी औषधं करून पाहिली. ती गेली, आणि तिला झालं काय होतं हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. मग त्याने भरपूर पैसे मोजून नावाजलेल्या वैद्याकडे विद्या घेतली. 1232 साली मंगोलांनी कायफंगला वेढा घातला. वेढा उठल्यावर दहा हजारांत एखाददुसराच धडधाकट उरला होता, असं ली लिहितो. वेशींवेशींतून रोज हजार-दोन हजार प्रेतं बाहेर जात होती, आणि हे जवळजवळ तीन महिने चाललं. वैद्य सर्दी-तापाची नेहमीची औषधं देत होते, जुलाब देत होते, घाम काढत होते. लीचं म्हणणं असं की ही माणसं बाहेरच्या थंडीने नाही, उपासमारीने, धास्तीने आणि श्रमाने आतून पोखरली गेली होती. त्यांच्यावर जोरकस औषधांचा मारा करणं म्हणजे मेलेल्याला मारणं. आजच्या साथरोगतज्ज्ञाला त्या मृत्यूंमागे आणखी कारणं दिसतील. पण उपाशी माणसाला आधी आधार द्या, हे सांगायला तेव्हाही धीर लागत असणार. 1249 साली त्याने पी आणि जठर यांवरचा ग्रंथ पुरा केला. त्याच्या सर्वांत प्रसिद्ध काढ्यात चारांपैकी तीन सज्जन आहेत. फूलिंगला वगळलंय, कारण तो ओल खाली उतरवतो आणि लीला तर खचलेलं सगळं वर उचलायचं होतं.

पुढे सज्जनांची संख्या वाढली. संत्र्याची वाळवलेली साल आणि बानशिया नावाचा कंद मिळून सहा झाले. त्यांत आणखी दोन सुगंधी द्रव्यं घातली की पोटफुगीवरच्या त्या बारीक काळ्या गोळ्या होतात, ज्या चीनमध्ये कुठल्याही औषधांच्या दुकानात मिळतात. या दोघांतलं एक वेलदोड्याच्या कुळातलं, आणि दुसरं आपलं उपलेट, म्हणजे कोष्ठ. काश्मीरच्या डोंगरातलं हे मूळ पूर्वी समुद्रमार्गे ग्वांगझोच्या बंदरात उतरायचं. आता रानातल्या उपलेटाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि चीन ते युन्नानमध्ये पिकवतो. जपानमध्ये सहा सज्जनांना आलं आणि चिनी बोरं जोडून दाणेदार पूड करतात. तिथल्या सर्वांत मोठ्या कंपनीच्या पाकिटावर 43 हा क्रमांक असतो, आधुनिक डॉक्टरच ती लिहून देतात आणि आरोग्य विमा खर्च उचलतो. भूक लावणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकावर तिचा काय परिणाम होतो यावर तिकडे बरंच संशोधन चाललेलं असतं. तैवानने तर औषध आणि खाणं यांतला पडदाच काढून टाकला: फूलिंग, कमळबी, रताळ्यासारखा दिसणारा एक कंद आणि मखान्याचं न फुटलेलं बी, हे सगळं डुकराच्या आतड्याबरोबर शिजवून रात्रीच्या बाजारात वाटीवाटीने विकतात. मखाना ओळखीचा, आतडं नाही. मी वास घेऊन पुढे गेले.

काढ्याची चव? आपल्याकडे काढा म्हटलं की किराईत आणि गुळवेल, आणि मागून गुळाचा खडा. हा काढा गोडसर, मातकट आणि जवळपास बेचव. मातीच्या भांड्यात अर्धा तास भिजवून दोनदा उकळायचा आणि दोन्ही पाणी एकत्र करून सकाळ-संध्याकाळ प्यायचा. घेतल्यावर पहिल्या आठवड्यात काहीही होत नाही. नंतर जे झालं ते काढ्यामुळे, की वेळेवर आणि गरम जेवू लागल्यामुळे, ते सांगता येत नाही, आणि सिन्सेंना तसा भेद करायची गरजही वाटली नाही. सज्जन असले तरी डोळे झाकून विश्वास ठेवू नये हे मात्र खरं. ज्येष्ठमध दिवसेंदिवस घेत राहिलं तर पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर जिनसेंग तिच्या कामात ढवळाढवळ करू शकतो. आणि वजन आपोआप उतरत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर काढ्याच्या वाटेला न जाता सरळ इस्पितळात जावं, कुठल्याही मजल्यावर.

माझी खरी अडचण पथ्याची झाली. थंड पाणी बंद, बर्फ बंद, कच्ची कोशिंबीर बंद. इथवर मी मान डोलावत होते. मग सिन्से म्हणाले, दूध-दही बंद, त्याने ओल वाढते. मी विचारलं, “आणि ताक?” त्यांनी विचारलं, “म्हणजे काय?” दही घुसळून लोणी काढल्यावर जे उरतं ते, मी सांगितलं. आमच्याकडे जेवणाच्या शेवटी पचनासाठीच पितात, त्यात जिरं, हिंग, सैंधव आणि किसलेलं आलं असतं. सिन्सेंनी कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. हिंग म्हणजे काय ते फोनवर शोधून चित्र पाहिलं. मग म्हणाले, “आलं दुप्पट घाला, फ्रिजमधलं नको, आणि फक्त दुपारी.”

मी जिरंही भाजून घालेन म्हटलं. तेही त्यांना चाललं.