भाचीच्या हळदीचे दागिने

आज दिवसभर ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या घरात कापडी फुलांचा कारखाना चालू होता. भाचीच्या हळदीसाठी बिंदी, कानातले, हातफूल आणि करवल्यांसाठी ब्रोच. सगळं घरीच करायचं, हा हट्ट माझाच.

साटिन आणि ऑर्गेंझा जांभळी नाक्यावरून आणलं. घेताना एकच बघायचं, कापड पॉलिस्टर हवं. त्याचे लहानमोठे गोल कापून कडा मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरली की ती वितळून आत वळते, पाकळीला बाक येतो आणि धागेही सुटत नाहीत. सुती किंवा अस्सल रेशमी कापड असं वळत नाही, जळतं. ज्योतीत मात्र धरायचं नाही, काजळी बसते. फिक्या पिवळ्यावर ती लगेच दिसते. मोठा गोल खाली, लहान वर, मध्ये टाका आणि मोती.

ताईचं म्हणणं, ग्लू गनने चिकटव, पटकन होईल. मी ऐकलं नाही. हातफूल सारखं हलतं, ओढलं जातं, टाका टिकतो. मागे फेल्टचा तुकडा शिवला, म्हणजे गाठी टोचत नाहीत. रंग पिवळा आणि आंबा. हळदीचे डाग त्यात खपून जातील!

संध्याकाळी भाचीने बिंदी लावून पाहिली आणि म्हणाली, "मावशी, लग्नाच्या अंबाड्यालाही तूच कर ना." खरं सांगते, फार बरं वाटलं. अंबाड्याला पांढरा ऑर्गेंझा घेणार आहे. मोगऱ्याच्या कळ्या कशा वळायच्या, कुणी करून पाहिल्या असतील तर नक्की सांगा.